घोडा, सायकल आणि मुक्कामाची रात्र

लांबच्या प्रवासाला निघालेला सायकलस्वार संध्याकाळी हॉटेलच्या दारात उतरला की खोलीचे भाडे विचारण्याआधी एक प्रश्न विचारतो : ‘सायकल वर खोलीत नेता येईल का?’ व्यवस्थापक बहुधा आवाराकडे बोट दाखवतो आणि आवारात पाटी असते : ‘वाहने आपापल्या जबाबदारीवर उभी करावीत.’ ही पाटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. पण प्रवाशाने निर्धास्त झोपावे आणि त्याच्या वाहनाची चिंता यजमानाने वाहावी, असा एके काळी रिवाजच नव्हे तर कायदा होता. तो कसा विरत गेला याची साक्ष सायकल चांगली देऊ शकते, कारण इतिहासात ती घोडा आणि मोटार यांच्या मधोमध उभी आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करायला हवी. सायकलवरच्या हौशी प्रवासाला संघटित रूप प्रथम मिळाले त्या देशांपैकी तो एक. तिथल्या सराईच्या मालकावर जुन्या कायद्याने मोठे ओझे टाकले होते. पाहुण्याची चीजवस्तू सराईच्या आवारातून चोरीला गेली, तर मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई त्यालाच द्यावी लागे. 1584 सालच्या ‘कॅली’ खटल्यात प्रश्न घोड्याचा होता. पाहुण्याच्या सांगण्यावरून घोडा बाहेर कुरणात चरायला सोडला होता आणि तो चोरीला गेला. न्यायालयाने सराईवाल्याला दोषमुक्त केले, कारण कुरण सराईच्या आवारात येत नव्हते आणि घोडा तिथे सोडण्याची इच्छा पाहुण्याची होती. हाच घोडा सराईवाल्याने आपल्या मर्जीने कुरणात धाडला असता, तर जबाबदारी त्याची ठरली असती. तबेल्याच्या उंबरठ्याच्या आत मात्र घोडा म्हणजे जणू पाहुणाच. मोतद्दाराच्या हाती लगाम दिला की प्रवाशाची काळजी संपली.

पुढे रेल्वे आली, प्रवासी वाढले, हॉटेले मोठी झाली आणि मालकांना हे ओझे जड वाटू लागले. 1863 च्या कायद्याने त्यांची जबाबदारी 30 पौंडांपुरती मर्यादित केली. मालकाचा किंवा नोकराचा दोष असेल, किंवा वस्तू खास सांभाळण्यासाठी त्याच्या स्वाधीन केलेली असेल, तर ही मर्यादा लागू नव्हती. या सवलतीतून घोडा, त्याचे खोगीर-सामान आणि गाडी मुद्दाम वगळली होती. त्यांच्याबाबत जुनी, अमर्याद जबाबदारी कायम राहिली. सवलतीचा लाभ हवा असेल तर कायद्यातला मजकूर छापून दर्शनी भागात लावण्याची अट होती. भिंतीवरच्या आपल्या पाटीची एक पूर्वज इथे भेटते. फरक इतकाच, की त्या पाटीने पाहुण्याचे सामान अंशतः वाऱ्यावर सोडले, त्याचे वाहन नव्हे.

नेमक्या याच सुमारास सायकल रस्त्यावर आली. ती घोडा नव्हती. मग गाडी होती का? 1879 साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यापुरती ती ‘गाडी’ ठरली आणि 1888 च्या कायद्याने रस्तेविषयक कायद्यांसाठी तिला तो दर्जा स्पष्टपणे दिला. हॉटेलच्या दारात मात्र प्रश्न कायद्यापेक्षा प्रतिष्ठेचा होता. चिखलाने माखलेला, पायी मेहनत करत आलेला हा पाहुणा नेमका कोण? घोड्यावरचा सद्गृहस्थ, की फिरता कारागीर?

उत्तर सायकलस्वारांनी संघटनेतून दिले. 1878 साली हॅरोगेट येथे स्थापन झालेला ‘बायसिकल टूरिंग क्लब’ 1883 पासून ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि 1899 पर्यंत त्याची सभासदसंख्या 60 हजारांवर गेली. या क्लबने गावोगावच्या हॉटेलांशी करार केले, दर ठरवून घेतले. पंख फुटलेल्या चाकाचे चिन्ह दारावर दिसले की आपले स्वागत होईल, असा भरवसा सभासदाला मिळू लागला. पण भरवशालाही हद्द होती. ऑक्टोबर 1898 मध्ये सरे परगण्यातील ऑकम येथे लेडी हार्बर्टन सायकलीवरून एका हॉटेलात पोचल्या. त्यांनी झग्याऐवजी ढगळ तुमान घातली होती. मालकीणबाईंनी त्यांना भोजनकक्षात बसू न देता दारूच्या गुत्त्यालगतची खोली देऊ केली. क्लबने खटला भरला. 1899 मध्ये ज्यूरीने मालकीणबाईंना निर्दोष ठरवले. सायकल आत आली, पण सायकलवरून आलेल्या स्त्रीला आत घेण्याची तयारी अजून नव्हती.

या काळाचे मन एच. जी. वेल्स यांच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ (1896) या कादंबरीत सापडते. कापडदुकानातला सामान्य नोकर हूपड्रायव्हर सुट्टीत सायकलीवर निघतो. एका तरुणीला फसव्या सोबत्याच्या तावडीतून सोडवताना रात्री हॉटेलातून निसटतो, तो त्या सोबत्याचीच सायकल घेऊन. पुढे आपण चोर ठरलो या जाणिवेने तो अस्वस्थ होतो. रात्री हॉटेलात ठेवलेली सायकल इथे कथानकाचे चाक फिरवते. आणि तो भरवसा मोडणारा आपला नायकच असल्याने वाचकही क्षणभर चोराच्या बाजूला उभा राहतो.

आशियातल्या वाटांवर प्रश्न वेगळा होता. 1884 ते 1886 या काळात उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सच्या वृत्तांतात चोरांपेक्षा बघ्यांची धास्ती अधिक जाणवते. तुर्कस्तान-इराणच्या सराईंत गर्दी जमे, चाके चाचपून पाही, चालवून दाखवण्याचा हट्ट धरी. तिथे कुतूहलापासूनही सायकल जपावी लागे. 1886 मध्ये तो लाहोरहून कलकत्त्याकडे आला आणि पुढे वर्कमन दांपत्याने शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात हजारो मैल सायकलप्रवास केला, तेव्हा आधार होता तो डाकबंगल्यांचा. तिथे यजमान म्हणजे दूर बसलेले सरकार. प्रत्यक्षात भेटे तो चौकीदार. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी तिघांनी 1928 मध्ये ती फेरी पूर्ण केली. इतक्या दूरच्या प्रवासात भिंतीवरच्या नियमापेक्षा दार उघडणाऱ्या माणसाचा शब्दच मोलाचा.

जुना नियम अखेर मोडला तो मोटारीने. 1951 साली ‘विल्यम्स विरुद्ध लिनिट’ खटल्यात सराईच्या वाहनतळावरून चोरीस गेलेल्या मोटारीची जबाबदारी मालकावर आली. घोड्याचा न्याय मोटारीला लागला. पण मोटार घोड्याहून कितीतरी महाग. 1956 च्या नव्या कायद्याने हॉटेलमालकाला त्या कठोर जबाबदारीतून वाहनांपुरते मोकळे केले. घोडाही त्याच कलमातून बाहेर पडला. 1863 साली जे मुद्दाम आत ठेवले होते, तेच आता मुद्दाम बाहेर काढले गेले. ‘वाहन’ या शब्दात सायकलही ओघाने आलीच. श्रीमंताच्या मोटारीपायी गरिबाच्या सायकलीचा तबेला गेला.

आपल्याकडे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका हॉटेलच्या प्रकरणात एक तोल साधला. मोटारीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवलेली होती. अशा वेळी वाहन हरवले तर हॉटेलचा निष्काळजीपणा प्रथमदर्शनी गृहीत धरावा; काळजी घेतल्याचा पुरावा हॉटेलने द्यावा; ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापून सुटका होत नाही, असा त्याचा आशय. मात्र ही कसोटी स्वाधीन करण्याची आहे. सायकलीला किल्ली सोपवण्याचा विधी नाही. ती भिंतीला टेकवली जाते आणि कुलपाची किल्ली स्वाराच्याच खिशात राहते. म्हणजे ज्या क्षणी आपण स्वतःच्या कुलपावर विसंबतो, त्याच क्षणी यजमानाला मोकळे करतो.

म्हणून सायकल खोलीत नेण्याचा आग्रह ही केवळ सावधगिरी नाही. तबेल्याचा उंबरठा नाहीसा झाल्यानंतर प्रवाशाने स्वतःपुरता आखलेला तो नवा उंबरठा आहे. आणि एखाद्या लहानशा लॉजचा मालक पाटीकडे न पाहता ‘ठेवा इथे माझ्या खाटेजवळ, मी आहे’ असे म्हणतो, तेव्हा कायद्याने सोडून दिलेला एक जुना धर्म तो आपल्या अंगावर घेत असतो.