यंत्राचे घर आणि संक्रमणाची शिस्त

व्यवसायाची आज्ञावली स्वतःच्या जागेतील यंत्रावर चालवावी की दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने, हा प्रश्न ‘क्लाऊड’ या शब्दाबरोबरच जन्मास आला अशी एक समजूत आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. लंडनमधील जे. लायन्स आणि कंपनी ही चहागृहे व बेकऱ्या चालविणारी संस्था होती. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक यंत्राच्या धर्तीवर तिने ‘लिओ’ हे गणकयंत्र स्वतः बांधून घेतले आणि १९५१ साली केडबी हॉल येथील आपल्या वास्तूत त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यमापनाचे काम सुरू केले. व्यवसायाच्या नित्य कामासाठी गणकयंत्र योजिल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पुढे त्याच दशकात फोर्ड मोटर कंपनीच्या इंग्लंडमधील कामगारांची वेतनपत्रकेही लिओवर तयार होऊ लागली. लायन्सच्या दृष्टीने जे यंत्र घरचे, तेच फोर्डच्या दृष्टीने भाड्याचे होते.

लायन्सच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. आपल्या नोकरांचे वेतन यंत्राकडे सोपविताना तिने जुनी हस्तलेखी पद्धती एका दिवसात मोडीत काढली नाही. काही काळ दोन्ही पद्धती समांतर चालवून त्यांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. आठवड्याच्या वेतनावर ज्याचे घर चालते, त्यास यंत्र बिघडल्याची सबब सांगता येत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

त्यानंतर मालकीचे स्वरूप वारंवार पालटले. आय.बी.एम.ने १९६९ साली सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल ठरला. १९७२ साली जर्मनीत सॅप कंपनी स्थापन झाली. तिची १९९२ मधील ‘आर/३’ ही प्रणाली अनेक उद्योगांनी आपापल्या कचेरीत बसविली. १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्गणीने पुरविण्याचा मार्ग धरला, तर ॲमेझॉनने २००६ पासून संगणनशक्तीच भाड्याने देऊ केली.

यंत्राचे घर बदलले, तरी संक्रमणाचा धोका मात्र बदलला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत बसविले आणि ऐन हॅलोवीनच्या हंगामापूर्वी नवी प्रणाली सुरू केली. गोदामांत माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला पुरविता आल्या नाहीत. ब्रिटनमधील टी.एस.बी. बँकेचे उदाहरण याहून बोलके आहे. ही बँक लॉइड्स बँकेच्या प्रणालीवर मोबदला देऊन काम चालवीत असे. साबादेल या स्पॅनिश बँकेने ती २०१५ साली विकत घेतल्यावर नव्या प्रणालीवर जाण्याचे ठरले. एप्रिल २०१८ मध्ये ५० लक्षांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार मुख्यतः एकाच झेपेत हलविण्यात आले. दोन माहितीकेंद्रांपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती. परिणामी सुमारे १९ लक्ष ग्राहकांना आपल्याच खात्यांत शिरणे अशक्य झाले. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड केला.

येथे शब्दाचाही थोडा विचार करणे अवश्य आहे. जाळ्यांच्या आराखड्यांत ज्या भागाचा तपशील दाखविण्याची गरज नसे, तो ढगाच्या आकृतीने दर्शवीत. ‘क्लाऊड’ ही संज्ञा तेथून रूढ झाली. म्हणजे हा शब्द मुळातच तपशील झाकणारा आहे. आराखड्यात ही सोय ठीक. जबाबदारीच्या वाटणीत ती घातक ठरते. जुने कधी थांबवावयाचे, नवे फसल्यास मागे कसे फिरावयाचे आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे यंत्र घरी असो वा परक्या वास्तूत, ज्याचे काम त्यानेच आधी लिहून ठेवावी लागतात. यंत्र भाड्याने मिळते. उत्तरदायित्व तसे मिळत नाही.