नाव, देह आणि जमात : 'गेगेगे नो कितारो'तील योकाईंच्या वर्गीकरणाचा इतिहास

मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांच्या 'गेगेगे नो कितारो' या जपानी चित्रमालिकेतील पात्रांची वर्गवारी लावण्याचा उद्योग तिच्या वाचकांनी आणि प्रकाशकांनी गेली अनेक दशके चालविला आहे. १९६० मध्ये भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी छापल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तकांतून कितारो प्रथम छापील रूपात आला. १९६५ पासून तो 'शोनेन मॅगझिन' या मुलांच्या साप्ताहिकात अवतरला. १९६७ मध्ये मालिकेला तिचे आजचे नाव मिळाले आणि जानेवारी १९६८ पासून ती दूरचित्रवाणीवर गेली. तेव्हापासून २०१८ पर्यंत जवळजवळ प्रत्येक दशकात तिची नवी सचलचित्रित आवृत्ती निघाली. या मालिकेतील पात्रांना जपानीत 'योकाई' म्हणतात. भूत, राक्षस, पिशाच यांपैकी कोणताही एक मराठी शब्द या संज्ञेला पुरा पडत नाही. मालिकेच्या अनुषंगाने निघालेल्या कोशांत प्रत्येक योकाईची नोंद असते : नाव, प्रदेश, रूप, सामर्थ्य, मर्मस्थान. ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते की योकाई ही मुळातच प्राण्यांसारखी निरनिराळ्या जातींत विभागलेली सृष्टी आहे, असे वाचक गृहीत धरतो. प्रत्यक्षात यांतील अनेक नावे मूलतः कोणत्याही देहधारी जीवाची नावेच नव्हती. ती जीवाची नावे कशी झाली, हा या मालिकेच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

वर्गीकरणाची हौस मिझुकींच्या आधीची आहे. चिनी ज्ञानकोशाच्या धर्तीवर तेराजिमा र्‍योआन यांनी रचलेल्या 'वाकान सान्साई झुए' या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात विचित्र जीवांना पशुपक्ष्यांच्या शेजारीच जागा मिळाली होती. परंतु निर्णायक पाऊल उचलले ते तोरियामा सेकिएन या चित्रकाराने. १७७६ मध्ये त्याचा 'गाझु ह्याक्की याग्यो' हा चित्रसंग्रह निघाला. शीर्षकाचा अर्थ शंभर पिशाचांची रात्रीची मिरवणूक असा होतो. जुन्या चित्रगुंडाळ्यांत ही मिरवणूक खरोखरच मिरवणूक असे. आकृती एकमेकींत मिसळलेल्या, एकीला दुसरीपासून वेगळे काढणे कठीण. सेकिएनने मिरवणूक मोडली. एकेका आकृतीला त्याने स्वतंत्र चौकट दिली आणि वर नाव लिहिले. शीर्षकात गर्दी राहिली, पानावर मात्र नमुना आला. १७८४ पर्यंत त्याने आणखी तीन संग्रह काढले. अखेरच्या संग्रहातील जुन्या भांड्याकुंड्यांचे पुष्कळ योकाई त्याने शब्दश्लेषांतून स्वतःच घडविले असावेत, असे अभ्यासक मानतात. नोंद करणारा आणि नवनिर्मिती करणारा हात एकच होता, ही गोष्ट मिझुकींवर पुढे घेतल्या गेलेल्या आक्षेपांचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मेइजी काळात इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) या तत्त्वज्ञाने 'योकाईशास्त्र' उभारले. त्याच्या वर्गीकरणाला रूपाशी कर्तव्य नव्हते. माणसाने रचलेली फसवणूक, अजाणता झालेला भ्रम, निसर्गनियमांनी उलगडणारे चमत्कार आणि या सर्वांच्या पलीकडे उरणारे खरे गूढ, असे त्याचे कारणनिष्ठ वर्ग होते. उद्देश अंधश्रद्धेच्या निर्मूलनाचा होता. चित्रकाराच्या उपयोगाचे त्यात फारसे काही नव्हते.

मिझुकींच्या उपयोगी पडला तो लोकसाहित्याचा अभ्यासक यानागिता कुनिओ (१८७५–१९६२). त्याने १९३८–३९ मध्ये 'योकाई मेइई' ही सुमारे ८० नावांची संग्रहसूची एका नियतकालिकातून प्रसिद्ध केली. पुढे १९५६ च्या 'योकाई दांगी' या ग्रंथात ती समाविष्ट झाली. कितारोचे जे चार निष्ठावंत सोबती आज जपानमधल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत, ते चौघेही या सूचीतून आले. नारा भागातील सुनाकाके-बाबा, म्हणजे वाळू फेकणारी म्हातारी; तोकुशिमाच्या डोंगरांतील कोनाकी-जिजी, म्हणजे तान्ह्या मुलासारखा रडणारा म्हातारा; कागोशिमाकडील इत्तान-मोमेन, म्हणजे रात्री फडफडत येऊन माणसावर झडप घालणारी कापडाची लांब पट्टी; आणि फुकुओकाच्या किनाऱ्यावरचा नुरिकाबे, म्हणजे लिंपलेली भिंत.

मूळ नोंदी वाचल्या की आश्चर्य वाटते ते त्यांच्या तुटपुंजेपणाचे. वाळू फेकणाऱ्या म्हातारीविषयी यानागिता सांगतो की निर्जन वनराईतून जाताना अंगावर वाळू पडते. तिचे रूप कोणी पाहिलेले नाही. रडणाऱ्या म्हाताऱ्याच्या नोंदीत एक पाठभेद रचलेला दिसतो, असा शेराही त्याने मारला आहे. नुरिकाबे तर केवळ एक अनुभव आहे : रात्री चालताना वाट एकाएकी अडते, पुढे काही दिसत नाही, पण पाऊल टाकता येत नाही, काठीने खालच्या बाजूला झटकले की अडथळा नाहीसा होतो. मराठी वाचकाला येथे 'चकवा' आठवावा. चकवा लागतो, चकवा दिसत नाही. त्याचे हातपाय कसे असतात, हा प्रश्न कोकणातला म्हातारा विचारणार नाही, कारण ते नाव घडलेल्या गोष्टीचे आहे. आपली सामग्री पुढेमागे कशी लावावी, याचे दोन मार्ग यानागिताला दिसत होते. एक, ज्या ठिकाणी ही प्रचीती येते त्या ठिकाणानुसार : रस्ता, घर, डोंगर, पाणी. दुसरा, लोकांचा त्यावर विश्वास किती गाढ वा विरळ आहे त्यानुसार. विश्वासाच्या मात्रेला वर्गीकरणाचे तत्त्व मानणे ही विलक्षण सूचना होती. ती तशीच राहिली.

चित्रमालिकेला हे दोन्ही मार्ग बंद होते. चौकटीत काहीतरी दिसलेच पाहिजे. सेकिएनने ज्यांची चित्रे काढून ठेवली होती त्यांच्यासाठी मिझुकींनी पुष्कळदा त्याचाच आधार घेतला. ज्यांची चित्रे नव्हती त्यांना देह दिला. नुरिकाबे हा दोन डोळ्यांचा, आखूड हातापायांचा भिंतीसारखा चौकोन झाला. या रूपामागे केवळ कल्पनेचा खेळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर रबाऊलच्या परिसरात सैनिक असताना मिझुकींनी आपला डावा हात गमावला. त्याच युद्धकाळात जंगलातून जिवानिशी पळताना समोर अदृश्य भिंत उभी राहिल्याचा अनुभव आल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. तरीही चित्र रूढ झाल्यावर अनुभव मागे पडला. २००७ मध्ये एक मौजेची घटना उजेडात आली. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या एका जुन्या जपानी चित्रगुंडाळीतील तीन डोळ्यांच्या, चतुष्पाद प्राण्याच्या चित्रावर 'नुरिकाबे' असे नाव आढळले. तो फुकुओकाचाच नुरिकाबे की केवळ नामसाम्य, याविषयी मतभेद आहेत. परंतु जुना लेखी पुरावा हाती आला तरी लोकमानसातली भिंत जागची हलली नाही, एवढे मात्र निःसंशय.

देहाबरोबर 'राष्ट्र'ही आले. १९६६ मधील 'योकाई दाइसेन्सो' या कथाभागात पाश्चात्त्य पिशाचांचे सैन्य एका दक्षिणी बेटाचा कब्जा घेते. ड्रॅक्युला, लांडगामानव, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि चेटकीण यांच्या सेनापतिपदी बॅकबीअर्ड नावाचा एकाक्ष काळा गोल असतो. त्यांच्याविरुद्ध कितारो जे पथक उभारतो त्यात वरील चौघेही असतात. नारा, तोकुशिमा, कागोशिमा आणि फुकुओका येथील या चार नावांचा परस्परांशी पूर्वी काहीही संबंध नव्हता. एका गावचे योकाई दुसऱ्या गावी अपरिचित. परका शत्रू समोर उभा करताच त्यांची 'जपानी योकाई' अशी एक कोटी सिद्ध झाली. 'पाश्चात्त्य' ही कोटी तर त्याहून कृत्रिम. ट्रान्सिल्व्हानियाचा सरदार आणि इंग्रज लेखिकेच्या कादंबरीतला शवखंडांचा मानव यांना एका छावणीत राहण्याचे काहीच कारण नव्हते.

श्रेणीचा उगमही असाच बोधप्रद आहे. नुरारिह्योन या लांबट डोक्याच्या वृद्धाचे चित्र सेकिएनने १७७६ मध्ये काढले, पण त्याखाली स्पष्टीकरण दिले नाही. १९२९ मध्ये फुजिसावा मोरिहिको यांनी एका चित्रसंग्रहात या चित्राला जोडलेल्या ओळीत त्याचा उल्लेख पिशाचांचा म्होरक्या असा केला. ती बहुधा चित्र पाहून सुचलेली शब्दयोजना होती. मिझुकींच्या मूळ कथेत नुरारिह्योन हा अनेक खलपात्रांपैकी एक आहे. १९८५ च्या दूरचित्रवाणी आवृत्तीने मात्र त्याला सर्व योकाईंचा सेनानायक आणि कितारोचा कायमचा प्रतिस्पर्धी केले. त्यानंतर इतर लेखकांच्या चित्रमालिकांतही तो अधिपती म्हणूनच वावरू लागला. चित्राखालची एक ओळ साठ वर्षांत राजपद होऊन बसली. लोकपरंपरेच्या नावावर जमा झालेल्या किती गोष्टींचा वंशवृक्ष असा निघेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

या सगळ्यावरून मिझुकींना लोकसाहित्याचा विपर्यास करणारा ठरविणे सोपे आहे. पण मालिकेच्या गाभ्याशी जी तीन पात्रे आहेत, त्यांच्याकडे या आक्षेपाने दुर्लक्ष होते. ती तिन्ही यानागिताच्या सूचीतली नाहीत आणि तिघांपैकी एकही वर्गीकरणात नीट बसत नाही.

कितारो हा 'युरेई-झोकू'चा अखेरचा वंशज. 'झोकू' या शब्दात कुळ, जमात आणि वंश या तिन्ही अर्थच्छटा आहेत. मराठीत 'जात' म्हटल्यास नको तो सामाजिक अर्थ चिकटतो, म्हणून 'जमात' बरे. ही जमात माणसाच्या आधीपासून पृथ्वीवर होती आणि माणसाच्या विस्तारापुढे हटत हटत भूमिगत झाली, असे कथा सांगते. चित्रकथीप्रमाणे चित्रे दाखवीत रस्त्यावर गोष्ट सांगण्याच्या 'कामिशिबाई' या प्रकारात १९३० च्या दशकात स्मशानात जन्मलेल्या कितारोची गोष्ट होती. मिझुकींनी १९५० च्या दशकात आपले कितारोचे खेळ त्याच प्रकारासाठी केले. १९६० च्या कथेत मात्र त्यांनी एक आधुनिक संस्था आणली : रक्तपेढी. रुग्णाला दिलेले रक्त माणसाचे नाही असे आढळते, आणि त्याचा माग काढीत रक्तपेढीचा नोकर (त्याला लेखकाने स्वतःचेच लेखननाम दिले आहे) या शेवटच्या जोडप्यापर्यंत पोचतो. वंशाची निश्चिती रक्ताने करू पाहणाऱ्या शतकाच्या मध्यावर, पराभूत साम्राज्याच्या एका अपंग सैनिकाने जमातीच्या अंताची कथा रक्ताच्या बाटलीपासून सुरू करावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तेथे वर्गीकरण हे ज्ञान नसून शोधपथक आहे.

या जोडप्यातील पिता मरतो आणि त्याचा एक डोळा तेवढा जिवंत राहतो. हाच मेदामा-ओयाजी. प्रत्येक नव्या योकाईचे नाव, गाव आणि वर्म मुलाला सांगण्याचे काम मालिकेत मुख्यतः त्याचेच. म्हणजे ज्याच्याजवळ कोश आहे त्याला देहच उरलेला नाही. तो निव्वळ दृष्टी आहे, आणि पुष्कळदा चहाच्या वाटीतल्या गरम पाण्यात डुंबत असतो. वर्गीकरण करणाऱ्या विद्वानाचे याहून नेमके, आणि याहून प्रेमळ, विडंबन शोधूनही मिळणार नाही.

तिसरा नेझुमी-ओतोको, उंदीरमाणूस. तो अर्धा मानव आणि अर्धा योकाई. घाणेरडा, लोभी, पैशासाठी केव्हाही शत्रूच्या छावणीत जाणारा आणि तितक्याच सहजपणे परतणारा. दोन्ही जमाती त्याला आपला मानीत नाहीत. म्हणूनच कथेला एका जगातून दुसऱ्यात जायचे असते तेव्हा ती त्याच्या पाठीवर बसून जाते. हे आपले सर्वांत आवडते पात्र असल्याचे मिझुकींनी वारंवार सांगितले. कोशात त्याची नोंद करताना 'सामर्थ्य' या रकान्यात दुर्गंधी लिहावी लागते. 'प्रदेश' हा रकाना रिकामाच राहतो.

अभ्यासकांनी या पेचातून काढलेली वाट येथे उल्लेखनीय आहे. कोमात्सु काझुहिको यांनी योकाई या संज्ञेचे तीन स्तर मानले : घटना, अस्तित्व आणि आकृती. प्रथम काही विलक्षण घडते, मग ते घडविणारा कोणी असल्याचे मानले जाते, शेवटी त्याला रूप मिळते. त्यांच्या पुढाकाराने क्योतो येथील जपानविद्या संशोधन केंद्राने २००२ मध्ये जो संगणकीय संग्रह खुला केला, त्यात नोंदीचे एकक योकाईची जात हे नसून अमुक गावी अमुक घडल्याचे वृत्त हे आहे. अशा हजारो वृत्तांतून शोध घेणारा विद्यार्थी मात्र शोधशब्द म्हणून बहुधा मिझुकींनी रूढ केलेले नावच देतो, आणि ज्या गावी त्याच अनुभवाला निराळे नाव होते ते गाव त्याच्या हाती लागत नाही.

मिझुकींचे बालपण ज्या बंदरगावी गेले त्या साकाइमिनातो येथे १९९३ मध्ये त्यांच्या नावाच्या रस्त्यावर योकाईंचे २३ कांस्यपुतळे बसविण्यात आले. पुढे त्यांची संख्या वाढत गेली, आणि २०१८ मध्ये रस्त्याची फेररचना करताना १७७ पुतळे नव्याने विभागून मांडण्यात आले. एका भागात मिझुकींच्या चित्रमालिकांतील पात्रे ठेवली गेली. उरलेल्यांसाठी जे भाग केले ते असे : वनात राहणारे, देवाबुद्धांशी निगडित, आसपास दडून असणारे, घरात वस्ती करणारे. पर्यटकांच्या सोयीसाठी रस्ता आखणाऱ्यांनी, रूपाचा आणि सामर्थ्याचा आधार सोडून, यानागिताने १९३८ मध्ये सुचविलेल्या ठिकाणाच्या तत्त्वाजवळ जाणारी वाटणी केली. विश्वासाच्या मात्रेनुसार पुतळे मांडण्याची सोय त्या रस्त्यावर नाही.