पीट मोंड्रियान

पीट मोंड्रियान (७ मार्च १८७२ – १ फेब्रुवारी १९४४) हे आधुनिक अमूर्त चित्रकलेचे प्रवर्तक मानले जाणारे डच चित्रकार होते. काळ्या आडव्या-उभ्या रेषा आणि लाल, निळा, पिवळा या मूळ रंगांचे आयत ही त्यांची ओळख आहे. मात्र या शैलीपर्यंत पोहोचले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या जवळ आले होते.

जीवन

त्यांचा जन्म नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते व चित्रकलाही शिकवीत. काका फ्रिट्स हे निसर्गचित्रकार होते. पीट यांनी प्रथम चित्रकला-शिक्षकाची पात्रता मिळवली आणि १८९२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. १९०९ मध्ये ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य झाले. दृश्य जगाच्या मागे एक स्थिर सुसंवाद असतो, ही त्यांची श्रद्धा पुढील चित्रांची वैचारिक बैठक ठरली.

पॅरिसला स्थायिक होताना त्यांनी आडनावाच्या मूळ डच वर्णलेखनातील एक अक्षर गाळले. १९१४ मध्ये ते मायदेशी आले असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना तेथेच राहावे लागले. १९१९ मध्ये ते पॅरिसला परतले. तेथे चरितार्थासाठी ते फुलांची चित्रे काढून विकत. १९३८ मध्ये ते लंडनला व १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेले. न्यूयॉर्कमध्येच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

शैलीचा विकास

हे स्थित्यंतर त्यांच्या वृक्षचित्रांत टप्प्याटप्प्याने पाहता येते. ‘लाल वृक्ष’ (१९०८–१०) मध्ये रंग भडक असले तरी झाड झाडच आहे. घनवादाशी परिचय झाल्यावरच्या ‘करडा वृक्ष’ (१९११) मध्ये फांद्या कमानदार रेषा बनतात, तर ‘फुललेले सफरचंदाचे झाड’ (१९१२) मध्ये शीर्षक वाचल्याशिवाय झाड सहसा ओळखू येत नाही. १९१५ च्या ‘धक्का आणि सागर’ या चित्रात समुद्र केवळ लहान आडव्या-उभ्या रेघांत उतरला आहे.

१९१७ मध्ये थेओ फान डूसबुर्ख यांनी ‘डी स्टाइल’ हे नियतकालिक सुरू केले. त्यातील लेखांतून मोंड्रियान यांनी ‘निओप्लास्टिसिझम’चा, म्हणजे नवरूपवादाचा, सिद्धांत मांडला. पुढे फान डूसबुर्ख तिरप्या रेषेचा पुरस्कार करू लागले, तेव्हा दोघांत दुरावा आला. एका रेषेवरून झालेला हा मतभेद बाहेरून क्षुल्लक वाटेल. मोंड्रियान यांच्या दृष्टीने मात्र आडव्या-उभ्याचा समतोल हाच कलेचा पाया होता.

ही चित्रे कोणीही पट्टी घेऊन काढू शकेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. १९३० चे ‘लाल, निळा व पिवळा यांची रचना’ हे चित्र नीट पाहिल्यास तो टिकत नाही. त्यातील रेषांची जाडी सारखी नाही. उजवीकडील मोठ्या लाल चौकोनाला डावीकडे खाली असलेला लहान निळा आणि उजव्या कोपऱ्यातील त्याहून लहान पिवळा तोलून धरतात.

न्यूयॉर्कमध्ये जॅझ-संगीताच्या प्रभावाखाली त्यांनी काळी रेषाही सोडली. ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ (१९४२–४३) मध्ये पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे व करडे ठिपके-चौकोन लयीत मांडले आहेत. ‘व्हिक्टरी बूगी-वूगी’ अपूर्ण राहिले. ते हेग येथील संग्रहालयात आहे.

प्रभाव

वास्तुकला, फर्निचर व मुद्रणकलेवर या शैलीचा ठसा उमटला. फॅशनकार इव्ह सॅं लॉराँ यांनी १९६५ मध्ये या चित्रांवर आधारित पोशाख सादर केले. रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेली ‘न्यूयॉर्क सिटी १’ ही अपूर्ण कलाकृती अनेक दशके उलटी टांगली गेली असावी, असे मत २०२२ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संग्रहालयाच्या अभ्यासकांनी मांडले. जुन्या पट्ट्या निखळण्याच्या भीतीने ती तशीच ठेवण्यात आली.