बशीर बिलौर: शेवटचा आठवडा

शनिवार, १५ डिसेंबर २०१२. रात्र. सुमारे १६६ तास उरलेत.

पेशावरच्या बाचा खान विमानतळावर रॉकेटं येऊन पडतात, स्फोटकांनी भरलेली गाडी भिंतीवर आदळते. निसटलेले हल्लेखोर दुसऱ्या दिवशी जवळच्याच वस्तीत, अर्धवट बांधलेल्या एका घरात सापडतात आणि मारले जातात.

त्या काळात पेशावरकरांना एक गोष्ट ठाऊक झाली होती. कुठंही स्फोट झाला की थोड्याच वेळात बशीर अहमद बिलौर तिथं येणार. वय ६९, पेशानं वकील, खैबर पख्तुनख्वा सरकारात ज्येष्ठ मंत्री, खातं स्थानिक स्वराज्य संस्थांचं. गटारं, रस्ते, बाजार यांचं खातं. स्फोटाच्या जागी जाणं त्यांच्या कामात कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तरी ते जात, वार्ताहरांसमोर तालिबानचं नाव घेऊन बोलत, मग हॉस्पिटलात जखमींकडे जात. प्रांतातले अनेक पुढारी तेव्हा ‘अज्ञात शक्ती’ असा शब्द वापरून वेळ मारून नेत होते. बिलौर यांनी तो कधी जवळ केला नाही. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या राजकारणाचं मोल इथं आहे.

मंगळवार, १८ डिसेंबर. सुमारे १०० तास.

कराचीत आणि पेशावरच्या परिसरात पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या जातात. मेलेल्यांत बहुतेक बायका. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ले होतात आणि संयुक्त राष्ट्रसंघ मोहिमेतलं आपलं काम थांबवतो.

आता थोडं मागं जायला हवं, कारण हे तास काही विमानतळावरच्या हल्ल्यापासून सुरू झाले नव्हते.

बिलौर घराणं हिंदको बोलणारं, जुन्या पेशावर शहरातलं. पक्ष मात्र पख्तुनांचा: अवामी नॅशनल पार्टी, बाचा खान, म्हणजे सरहद्द गांधी, यांच्या खुदाई खिदमतगार चळवळीचा वारसा सांगणारी. एक भाऊ गुलाम अहमद केंद्रात रेल्वेमंत्री, दुसरे इलियास सिनेटवर. बशीर यांनी प्रांत सोडला नाही. पाच वेळा ते प्रांतिक विधानसभेवर निवडून गेले. २००८ मध्ये पक्ष सत्तेवर आला तेव्हा मुख्यमंत्रिपद त्यांच्याहून कितीतरी तरुण अमीर हैदर होती यांच्याकडे गेलं. बिलौर त्यांच्या हाताखाली ज्येष्ठ मंत्री म्हणून राहिले आणि काम करत राहिले.

याच सरकारनं फेब्रुवारी २००९ मध्ये स्वातमध्ये कट्टर धर्मनेते सूफी मुहम्मद यांच्याशी करार केला. बोलून बघू, ही त्यामागची भूमिका. करार काही महिन्यांत कोसळला, लष्कर स्वातमध्ये उतरलं. तो करार चूक होता असं मला वाटतं. पण त्यानंतर या पक्षानं जी किंमत मोजली ती पाकिस्तानात क्वचितच कुणी मोजली असेल. डिसेंबर २००९ मध्ये स्वातचे आमदार शमशेर अली खान मारले गेले. जुलै २०१० मध्ये माहितीमंत्री मियाँ इफ्तिखार हुसेन यांचा एकुलता एक मुलगा गेला. गावोगावचे कार्यकर्ते तर किती गेले.

बिलौर स्वतः दोनदा हल्ल्यांतून वाचले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये पेशावरच्या कय्यूम स्टेडियममधून बाहेर पडताना, आणि मार्च २००९ मध्ये नमक मंडीत. मरणाची वेळ ठरलेली असते, असं ते जाहीरपणे म्हणत आणि पुन्हा बाहेर पडत.

आणखी एक तारीख. २२ सप्टेंबर २०१२. प्रेषितांची निंदा करणाऱ्या एका चित्रपटाच्या कर्त्याला मारणाऱ्यास एक लाख डॉलर देऊ, असं भाऊ गुलाम अहमद यांनी जाहीर केलं. पक्षानं हात झटकले. तालिबाननं मात्र खूश होऊन गुलाम अहमद यांचं नाव मारायच्या माणसांच्या आपल्या यादीतून काढलं. ती घोषणा लाजिरवाणी होती, आणि तिनं घराला काडीचंही संरक्षण दिलं नाही. यादीतलं बशीर यांचं नाव तसंच राहिलं.

शनिवार, २२ डिसेंबर. संध्याकाळचे पाच. एक तास.

डिसेंबरात पेशावरला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. निवडणूक काही महिन्यांवर आलेली. किस्सा ख्वानी बाजाराजवळ, ढक्की नालबंदी भागात, एका कार्यकर्त्याच्या घरी पक्षाची बैठक आहे. चिंचोळ्या गल्ल्या, खेटून उभी घरं. पृथ्वीराज कपूर यांच्या घराण्याची हवेली याच परिसरात. याच किस्सा ख्वानीत २३ एप्रिल १९३० रोजी इंग्रजांनी निःशस्त्र खुदाई खिदमतगारांवर गोळ्या झाडल्या, आणि फौजेतल्या चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सोबत्यांनी गोळी चालवायला नकार दिला.

अशा गल्लीत मंत्र्याचा ताफा शिरत नाही. शिरायचं तर माणसांत मिसळून, पायीच. ज्याला मतं तिथून मिळतात त्याला तिथं जावंच लागतं, आणि बिलौर यांना जावंसं वाटत होतं.

साधारण सहा.

बैठक संपते. ते बाहेर पडत असताना गर्दीतला एकजण अंगावरची स्फोटकं उडवतो.

छातीला आणि पोटाला जखमा. त्यांना लेडी रीडिंग हॉस्पिटलात आणतात. स्फोटातल्या जखमींना बघायला ते वर्षानुवर्षं जिथं येत होते, तेच हे हॉस्पिटल.

अधिक दोन तास.

शस्त्रक्रिया चालू असते. रात्री त्यांच्या मृत्यूची बातमी येते. त्यांच्यासह नऊजण गेलेत. त्यांत त्यांचे सचिव आहेत, एक पोलीस अधिकारी आहेत. तालिबान जबाबदारी घेतं.

अधिक अठरा तास, आणि पुढं.

रविवारी हजारो माणसं जनाज्याला जमतात. प्रांतात तीन दिवसांचा दुखवटा.

पण खरा विध्वंस त्यानंतर सावकाश झाला. १६ एप्रिल २०१३ रोजी पेशावरच्या यकातूत भागात पक्षाच्या सभेवर आत्मघातकी हल्ला झाला. गुलाम अहमद आणि बशीर यांचा मुलगा हारून तिथं होते, दोघंही वाचले. त्या निवडणुकीत इतर काही पक्ष मैदानांत सभा घेत होते आणि अवामी नॅशनल पार्टीचे उमेदवार बंद दारांआड बसले होते. ११ मेला मतदान झालं. पाच वर्षं राज्य केलेला पक्ष प्रांतिक विधानसभेत बोटांवर मोजण्याइतक्या जागांवर आला. कारभारावर लोकांचा राग होता, भ्रष्टाचाराचे आरोप होते, हे खरंच. पण ज्या उमेदवाराला दार उघडून मत मागायला जाता येत नाही, त्याच्या पराभवाला नुसता जनतेचा कौल म्हणणं मला मान्य नाही.

१० जुलै २०१८. पुन्हा यकातूत, पुन्हा रात्रीची सभा, निवडणुकीला १५ दिवस. हारून बिलौर सभेला आले, कार्यकर्त्यांनी फटाके लावले, आणि आत्मघातकी हल्लेखोरानं स्वतःला उडवलं. सुमारे २० माणसं मेली, त्यांत हारून होते. त्या मतदारसंघातली निवडणूक पुढं ढकलली गेली. १४ ऑक्टोबरला ती झाली तेव्हा हारून यांच्या पत्नी समर उभ्या राहिल्या, आणि जिंकल्या.