मृताच्या मिळकतीचा निकाल

आपल्या धर्मग्रामात कोणी देवाघरी गेले की पुढचे दिवस ठरलेले असतात. दफनविधी, महिन्याची मिस्सा, मग वर्षाची मिस्सा. वर्षाच्या मिस्सेला पाहुणे जमतात, जेवणे होतात आणि ओटीवर कोणीतरी हळूच विषय काढतो, "जमिनीचे काय झाले?" त्या दिवशी तो प्रश्न बहुधा सुटत नाही. आमच्या आजोबांचे नाव सातबारावरून उतरायला एकतीस वर्षे लागली. तोवर त्यांच्या सहा मुलांपैकी चौघे त्यांच्याच शेजारी विसावले होते. मृताच्या मिळकतीचा निकाल लागायला मुळात किती काळ लागावा, याचा शोध घेण्याची बुद्धी आम्हांस त्यातूनच झाली.

कायद्याने दिलेल्या मुदती पाहिल्या तर त्या फार मोठ्या नाहीत. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्यूनंतर पुरे सात दिवस उलटल्याखेरीज मृत्युपत्राचे प्रोबेट देता येत नाही. मृत्युपत्र नसल्यास व्यवस्थापनाचा अधिकार चौदा दिवसांनंतर मिळतो. पुढे सहा महिन्यांत मिळकतीची यादी व वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावयाचा. मृत्युपत्रान्वये ज्याला जे द्यावयाचे ते मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देण्याची सक्ती नाही. मृताकडे कोणाकोणाचे येणे आहे, हे कळायला तेवढा अवधी हवाच.

या वर्षाचे मूळ शोधू गेले तर वाट ख्रिस्तसभेच्या अंगणात येते. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रे शाबीत करण्याचे काम शतकानुशतके धर्मन्यायालयांकडे होते. १८५७ च्या कायद्याने ते काढून घेण्यात आले व १८५८ च्या आरंभापासून दिवाणी न्यायालय ते पाहू लागले. कॅथलिक देशांत धर्मकार्यासाठी ठेवलेल्या देणग्या मृताच्या इच्छेप्रमाणे खर्च होतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ साली बिशपांवर टाकली. वारसांच्या हाती सारे सोपवून निर्धास्त राहता येत नाही, हा अनुभव तेव्हाही जुनाच असावा.

आपल्या देशात मात्र पहिला पेच निराळाच होता. देशी ख्रिस्ती माणूस मेला तर त्याला कायदा कोणता लावायचा? या प्रश्नाचे उत्तर बेल्लारीच्या एका कुटुंबाच्या भांडणातून मिळाले. मॅथ्यू अब्राहम हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती घराण्यातला. त्याने शार्लोट फॉक्स या युरेशियन स्त्रीशी विवाह केला, बेल्लारीच्या लष्करी वस्तीत व्यापार मांडला आणि मद्य गाळण्याच्या धंद्यात मोठी संपत्ती मिळवली. धाकटा भाऊ फ्रान्सिस त्याच्या हाताखाली तयार झाला. १८४२ साली मॅथ्यू मृत्युपत्र न करता वारला.

काही काळ धंदा तसाच चालला. मग दीर व भावजय यांच्यात वितुष्ट आले. फ्रान्सिसचे म्हणणे असे की, आमचे पूर्वज हिंदू, आम्ही भाऊ एकत्र राहिलो, एकत्र कमावले. तेव्हा हे अविभक्त हिंदू कुटुंब समजावे. शार्लोटचे म्हणणे, माझा पती ख्रिस्ती होता, राहणीही इंग्रजांसारखी होती. त्याच्या पश्चात मिळकत पत्नीची व मुलांची. घरात कोणता पोशाख होता, जेवण कसे होते, उठबस कोणाशी होती, अशा बाबींवर साक्षी झाल्या. एका कुटुंबाचे सारे खाजगी जीवन दप्तरात उतरले. बेल्लारीहून वाद मद्रासच्या सदर अदालतीत आणि तेथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८६३ साली निकाल लागला. धर्मांतराने माणूस हिंदू कायद्याच्या बंधनातून सुटतो. जुनी रीत पाळायची की सोडायची हे तो ठरवू शकतो, आणि त्याने काय ठरवले ते त्याच्या वागण्यावरून ओळखावे, असे न्यायाधीशांनी म्हटले. अविभक्त कुटुंबाचा दावा टिकला नाही. मॅथ्यूला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

प्रत्येक ख्रिस्ती घराची राहणी तपासून वारसा ठरवणे कोणत्याच न्यायालयाला झेपणारे नव्हते. १८६५ साली उत्तराधिकाराचा कायदा झाला व १ जानेवारी १८६६ पासून अमलात आला. मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलांना, आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. ही समानता कागदावर किती जुनी आहे, याची आपल्यातील पुष्कळांना कल्पना नसते.

१९०१ च्या कायद्याने आणखी एक सोय झाली. मृत्युपत्राविना वारलेल्या देशी ख्रिस्ती माणसाच्या वारसांना व्यवस्थापनपत्रासाठी न्यायालयाची पायरी चढणे सक्तीचे राहिले नाही. यातून गंमत अशी झाली की, ज्याने शहाणपणाने मृत्युपत्र केले त्याच्याच मुलांना प्रोबेटचा खर्च व वेळ सोसावा लागे! ही अट भारतीय ख्रिस्ती जनांपुरती २००२ साली गेली आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच वगळले. जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादाय देणगीचे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान वर्षभर आधी केलेले असावे, हे बंधन केरळमधील एका धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केले.

गोव्यातील आपल्या बंधुभगिनींची वाट वेगळी. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. बाप झाला तरी त्याला मुलांचा राखीव अर्धा भाग मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, आणि वाटणीसाठी 'इन्व्हेंतारियो'ची रीत आहे. २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा तीच चौकट पुढे चालवतो.

त्रावणकोरच्या ख्रिस्ती भगिनींवर मात्र १९१६ च्या संस्थानी कायद्याचे ओझे होते. मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दाद मागितली व १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. तरीही वडिलांच्या मिळकतीतील आपला वाटा प्रत्यक्ष हाती यायला त्यांना पुढे दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

आमच्या आजोबांच्या बाबतीत न्यायालयाचा संबंधच आला नाही. महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते, एवढेच. अडले ते हक्कसोडपत्रावर. दोन आत्यांनी भावांच्या शब्दाखातर सही केली. धाकटीने केली नाही. तिला लोभी म्हटले गेले, दोन लग्नांची आमंत्रणे तिच्या घरी गेली नाहीत, आणि आम्हीही तेव्हा तिच्याशी बोलत नव्हतो. तिच्या नावावर चार गुंठे चढले तेव्हा ती एक्याऐंशी वर्षांची होती. फेरफाराचा कागद तिने आमच्याकडूनच वाचून घेतला, दोनदा.