नवजात अर्भकाचे हृदय : झटका आणि चुकलेली लय

‘बाळाला झटका आला’ हे मराठीतील वाक्य डॉक्टरांना कोड्यात टाकणारे आहे. आकडीलाही आपण झटकाच म्हणतो आणि हृदयविकाराच्या झटक्यालाही. नवजात बाळ एकाएकी निळे पडले, निपचित झाले किंवा दगावले की घरचे हाच शब्द वापरतात. त्यामागे मेंदूचा विकार, जंतुसंसर्ग, साखर उतरणे, जन्मजात हृदयदोष किंवा हृदयाची बिघडलेली लय यांपैकी काहीही असू शकते. मोठ्या माणसाला येतो तसा, रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून येणारा झटका नवजातांत अत्यंत विरळा असतो.

विरळा असला तरी तो येतच नाही असे नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने हृदयस्नायूला इजा होते. क्वचित नाळेच्या शिरेतून आलेली गुठळी हृदयाच्या रोहिणीत जाऊन बसते. याहून महत्त्वाचा एक जन्मदोष आहे. हृदयाला रक्त पुरवणारी डावी रोहिणी महाधमनीतून न निघता फुप्फुसधमनीतून निघते. सुमारे तीन लाख जन्मांमागे एखाद्या बाळात आढळणाऱ्या या दोषाचे वर्णन ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या अमेरिकी डॉक्टरांनी १९३३ मध्ये केले. गर्भात फुप्फुसधमनीतील दाब जास्त असल्याने काही बिघडत नाही. जन्मानंतर काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि हृदयस्नायूची उपासमार सुरू होते. साधारण दुसऱ्या महिन्यात बाळ दूध पिता पिता थांबते, कळवळून रडते, कपाळावर घाम येतो. ‘पोटात कळ आली’ म्हणून घुटी दिली जाते, तेव्हा प्रत्यक्षात हृदयात कळ आलेली असते. ती रोहिणी शस्त्रक्रियेने महाधमनीला वेळेत जोडली, तर थकलेले हृदय पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके सावरते.

लयीचे विकार मात्र इतके दुर्मीळ नाहीत. निरोगी नवजाताचे हृदय मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा धडधडते. रडताना त्याहून जास्त, गाढ झोपेत कमी. मध्येच एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते आणि काही आठवड्यांत आपोआप थांबते. चिंता करावी ती ठोके मिनिटाला २२० च्या वर गेले आणि बाळ शांत झाले तरी उतरले नाहीत तर. हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये विजेच्या संदेशाला जाण्याची एकच वाट असायला हवी. काही बाळांत दुसरी चोरवाट शिल्लक राहते आणि संदेश त्या वर्तुळात गरगर फिरत राहतो. बाळ हे एक-दीड दिवस निमूट सोसते. मग दूध सोडते, फिकट पडते, श्वास वाढतो.

यावरचा रुग्णालयातील पहिला उपाय ऐकायला विचित्र वाटतो : बर्फाची पिशवी काही सेकंद चेहऱ्यावर ठेवणे. थंड स्पर्शाने हृदयाला लगाम घालणारी मज्जा जागी होते आणि अनेकदा लय जाग्यावर येते. हा प्रयोग घरी करू नये, आणि डोळे दाबण्याचा जुना उपाय तर कुठेच करू नये. बर्फाने भागले नाही तर अ‍ॅडेनोसिन शिरेतून झटकन द्यावे लागते, कारण रक्तात ते काही सेकंदच टिकते. बाळ खचले असेल तर विजेचा सौम्य धक्का देतात. मोठ्यांना दिले जाणारे व्हेरापामिल तान्ह्या बाळांत टाळतात. एवढे निभावले की पुढचे चित्र आशादायक आहे. बऱ्याच बाळांत हा त्रास वर्षभरात ओसरतो.

उलट प्रकारात ठोके फार मंद असतात. याचे मूळ कित्येकदा आईच्या रक्तात सापडते. ल्युपससारख्या विकारातील प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात आणि हृदयातील विजेची वाट कायमची बुजवतात. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, आणि बाळामुळे तिचा आजार प्रथम कळतो, असेही घडते. गर्भाचे ठोके सतत ११० च्या खाली असतील तर सोनोग्राफी पुन्हा, हृदयाच्या अंगाने करून घ्यावी. जन्मानंतर ठोके ५५ च्या आत राहिले तर बहुधा पेसमेकर बसवावा लागतो.

हे सारे वैद्यकशास्त्र दादरा-नगर हवेलीतील गलोंड्यासारख्या गावात पोहोचते ते दोन प्रश्नांच्या रूपाने : ओळखणार कोण, आणि न्यायचे कुठे? गोमंतकाच्या सात वर्षे आधी, १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून सुटलेल्या या वारली-कोकणा मुलखात आता सिल्वासाला वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाळाला स्थिर करणे तिथे शक्य आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सुरत किंवा मुंबईचीच वाट धरावी लागते. गोव्यात दुर्गम भागातूनही दोन-अडीच तासांत बांबोळीला गोमेकॉ गाठता येते. तो हिशेब इथे लागू पडत नाही.

ओळखण्याचे काम आशा कार्यकर्तीचे. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, ओठ-जीभ निळसर, दूध पिताना घाम व धाप, वाढ खुंटणे, यांतले काहीही दिसले तर थांबू नये. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या सळईने डंबा देतात. धापेने पोट उडणाऱ्या हृदयरुग्ण बाळाच्या वाट्यालाही ते चटके येऊ शकतात, आणि हाताशी असलेले तास त्यातच जातात.

जन्मदोष हुडकणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला, तो इथल्या शेजारच्या पालघरमधूनच. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तपासायच्या तीस विकारांत जन्मजात हृदयरोग आहे. आजारी नवजाताचा सरकारी रुग्णालयातील उपचार आणि वाहन २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या उजव्या हाताला व एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहण्यास मोजकी मिनिटे पुरतात. आकडा सतत ९५ च्या खाली असेल तर हृदय तपासावे. लयीचे विकार या चाचणीत निसटतात, त्यांना ईसीजीच हवा.

आणि तो ईसीजी पहिल्या रुग्णालयात, त्रास चालू असतानाच काढलेला हवा. मुंबईला पोहोचेपर्यंत लय पूर्ववत होऊन जाते, मग तिथल्या डॉक्टरांच्या हाती शांत झोपलेले बाळ येते आणि नेमके काय झाले होते हे कोणालाच सांगता येत नाही. बाळाबरोबर तो कागद पाठवलाच पाहिजे. विसरला गेला तर आईवडिलांनी मागून घ्यावा.