कावेरीकाठची सहल आणि महाशीर

बंगळूरच्या जयनगरातील एखादे कुटुंब वनसहलीचा बेत आखू लागले, की नकाशावरील बोट बहुधा दक्षिणेकडे वळते. या वसाहतीची पायाभरणी 1948 साली झाली. तिच्या बाजूने जाणारा कनकपुरा मार्ग सुमारे 90 किलोमीटरांवर अर्कावती आणि कावेरी यांच्या संगमाशी पोहोचवितो. गालिबोरे व भीमेश्वरी ही अरण्यातील विश्रामस्थळेही याच नदीकाठी आहेत. पावसाळ्यात येथे पूर येतो. पाण्यात भोवरे आणि मगरी आहेत. म्हणून बेत हिवाळ्यात करावा आणि पाण्यात उतरण्याचा मोह आवरावा, हे कोणीही जाणता सांगेल. परंतु या नदीवरील सहलींना जो इतिहास आहे, तो सहसा कोणी सांगत नाही.

तो इतिहास महाशीर माशाचा आहे. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या 1873 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे हा मासा गळाच्या शौकिनांत विख्यात झाला. 1946 साली कावेरीच्या खोऱ्यात व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा महाशीर पकडला. स्वातंत्र्यानंतर हा छंद मागे पडला. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही ब्रिटिश शौकीन कावेरीवर आले आणि त्याला पुन्हा उजाळा मिळाला. पुढे नदीकाठी शिबिरे उभी राहिली. मासा पकडावा, तोलावा आणि जिवंत सोडावा, असा तेथील नियम होता. पूर्वी चोरून मासेमारी करणारे गावकरीच तेथे वाटाडे म्हणून काम करू लागले.

याच सुमारास महाराष्ट्रातून आलेल्या एका जातीचा या कथेत प्रवेश होतो. पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराला कर्नल साइक्स यांनी 1839 साली 'खुदरी' हे देशी नाव शास्त्रात दिले. ही जात विरळ होऊ लागल्यावर टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात तिची पैदास सुरू झाली. तेथील पिल्ले इतर राज्यांतील नद्यांतही सोडण्यात आली आणि कावेरीतही ही जात रुजली. हेतू संवर्धनाचाच होता. परंतु कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर निराळा होता.

हा भेद उघड झाला तो शिबिरांतील नोंदवह्यांमुळे. गालिबोरे येथे 1998 ते 2012 या काळात सहा हजारांहून अधिक महाशीर पकडून सोडल्याची नोंद आहे. 2015 साली संशोधकांनी या नोंदी तपासल्या. माशांची एकूण संख्या वाढली होती. पण ती वाढ परक्या जातीची होती आणि मूळचा मासा गळाला क्वचितच लागू लागला होता. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

1987 साली घोषित झालेल्या कावेरी अभयारण्यातील गळाची शिबिरे वन्यजीव कायद्यामुळे बंद पडली. गळ गेल्याने माशाला होणारा उपद्रव थांबला, परंतु त्याबरोबर नोंद ठेवणारे डोळेही नदीवरून गेले. यास्तव जयनगरातून निघणाऱ्या आजच्या प्रवाशाने शिदोरीबरोबर दुर्बीण आणि एक वही घ्यावी. काय दिसले, कोठे आणि कोणत्या दिवशी दिसले, एवढे त्याने लिहून ठेवले, तरी शौकिनांच्या टिपणांप्रमाणे तेही उद्या कोणा अभ्यासकाच्या उपयोगी पडू शकेल.